बर्न केलेल्या डीव्हीडीची पारख

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत नाट्यप्रयोगांच्या, संगीतसभांच्या किंवा स्कॅन करून ठेवलेल्या जुन्या अंकांच्या डीव्हीडी रचून ठेवलेल्या आहेत. त्या सुस्थितीत आहेत का, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: "लावून पाहिली, चालते." या उत्तरावर मी विसंबत नाही. डीव्हीडीची रचनाच अशी आहे की असंख्य चुका असूनही ती निर्दोष चालल्यासारखी भासते, आणि दुरुस्तीची ताकद पूर्ण संपेपर्यंत वरून काहीच कळत नाही. म्हणून फाइल उघडण्यासाठी ड्राइव्हला किती दुरुस्ती करावी लागली, याचे मोजमाप करायला हवे.

हे मोजमाप समजण्यासाठी तबकडीवर माहिती कशी मांडली जाते ते पाहू. डीव्हीडीवर ३२ केबीचा एकेक ठोकळा लिहिला जातो आणि तो १९२ ओळी व १७२ स्तंभांच्या तक्त्यासारखा असतो. प्रत्येक ओळीला १० जादा बाइट आणि तक्त्याच्या तळाशी १६ जादा ओळी केवळ दुरुस्तीसाठी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकूण ओळी २०८ होतात. वाचताना ड्राइव्ह आधी आडवी तपासणी करतो. ज्या ओळीत एक जरी बाइट चुकीचा निघाला, ती पीआय एरर म्हणून मोजली जाते. चुकीचे बाइट ५ पर्यंत असतील तर ओळ तिथल्या तिथे दुरुस्त होते. त्याहून अधिक असतील तर ती पीआय फेल्युअर ठरते आणि उभ्या स्तंभांच्या दुरुस्तीकडे सोपवली जाते. तीही हरली, की मग चित्र फुटते किंवा फाइल कॉपी होता होता अडकते. सलग ८ ठोकळ्यांत, म्हणजे १,६६४ ओळींत, पीआय एररची संख्या २८० च्या वर जाऊ नये, असे मानक सांगते. फेल्युअरच्या बाबतीत एका ठोकळ्याला ४ ही मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते.

सीडीचा हिशेब थोडा वेगळा आहे. तेथे सेकंदाला ७,३५० फ्रेम वाचल्या जातात आणि सी-वन पातळीच्या (दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात आढळणाऱ्या) चुकांची १० सेकंदांची सरासरी सेकंदाला २२० च्या खाली असावी लागते. संग्रहातल्या तबकडीत सी-टू पातळीची (पहिल्या टप्प्यात न सुटलेली) मात्र मी एकही चूक खपवून घेत नाही. ब्लू-रेमध्ये एलडीसी आणि बीआयएस अशी दोन मोजमापे असतात. त्यांच्या खोलात आज जात नाही.

चुकांचे हे आकडे प्रत्येक ड्राइव्ह बाहेर देत नाही. लाइटऑन, बेनक्यू आणि प्लेक्स्टर यांचे अनेक जुने ड्राइव्ह ते देतात, तेव्हा भंगारात निघालेल्या संगणकात असा एखादा सापडला तर तो हातचा जाऊ देऊ नका. लाइटऑनसाठी केप्रोब, प्लेक्स्टरसाठी प्लेक्स्टूल्स, सर्वसाधारण वापरासाठी नीरो डिस्कस्पीड आणि लिनक्सवर क्यूपीएक्सटूल ही साधने उपयोगी पडतात. यांतून मिळणारा आकडा तबकडी आणि ड्राइव्ह या जोडीचा असतो, एकट्या तबकडीचा नसतो. तीच डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा दुसऱ्या वेगाने तपासली तर साधनाने काढलेला चुकांचा आलेख बदलतो. त्यामुळे दोघांनी आपापल्या घरी काढलेले आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. लाइटऑनवर ४एक्स (मूळ वेगाच्या चौपट) आणि बेनक्यूवर ८एक्स असा एकच वेग कायम ठेवावा.

आलेख वाचताना मी प्रथम त्याचा आकार पाहतो. पीआय एररची रेघ आतून बाहेरपर्यंत सपाट असेल तर काळजी नाही. ती शेवटच्या भागात, साधारण ४ जीबीच्या पुढे, एकदम चढू लागली तर तबकडीच्या बाहेरच्या कडेला लेखन नीट झालेले नाही. १६एक्सने लिहिताना वेग आतल्या भागात कमी असतो आणि बाहेरच्या कडेलाच पूर्ण गाठला जातो, त्यामुळे दोष तिथे आधी उघडा पडतो. याउलट मध्येच एकच उंच टोक उभे असेल तर धूळ किंवा ओरखड्याची शक्यता अधिक. तबकडी मऊ कापडाने मध्यातून कडेकडे सरळ पुसून पुन्हा तपासावी. नीरोचा शंभरपैकी गुण पीआय फेल्युअरच्या सर्वोच्च टोकावरून ठरतो, म्हणून धुळीच्या एका कणानेही तो घसरतो. तो गुण पाहून तबकडीचा निकाल लावणाऱ्यांशी मी सहमत नाही.

जितके सावकाश लिहू तितके चांगले, हा समजही तपासून पाहावा. १६एक्सच्या तबकडीचा रंगद्रव्याचा थर आणि ड्राइव्हमधली लेखनपद्धत वेगवान लेखनाला जुळवलेली असते. अशा तबकडीवर ८ किंवा १२एक्सने लिहिलेले कित्येकदा २एक्सपेक्षा सरस निघते. शिवाय डबीवरचे नाव पाहून खरेदी करण्याऐवजी तबकडीत नोंदलेला उत्पादक-संकेत सॉफ्टवेअरमध्ये वाचावा, कारण एकाच नावाच्या डब्यांत वेगवेगळ्या कारखान्यांचा माल असू शकतो. मोझर बेअर या भारतीय उत्पादकाच्या तबकड्यांत हा संकेत एमबीआय या अक्षरांनी सुरू होतो.

नागपूरकरांनी आणखी एक पथ्य पाळायला हवे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि आपण कूलर लावतो. त्याची ओलसर हवा ज्या खोलीत खेळते, तिथेच डीव्हीडीचे कपाट असते. उष्णता आणि दमटपणा या दोहोंनी रंगद्रव्य व परावर्तक थर खराब होतात. कपाट कूलरच्या झोतापासून दूर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. बर्न केल्यावर लगेच पहिला आलेख काढून त्यावर तारीख, ड्राइव्ह आणि वेग लिहून ठेवा, आणि दर वर्षी पावसाळा सरला की त्याच ड्राइव्हवर त्याच वेगाने पुन्हा तपासा. आकडे मर्यादेच्या आत असले तरी दोन तपासण्यांत ते दुपटीने वाढलेले दिसले, तर तिसऱ्या तपासणीची वाट न पाहता त्या तबकडीची प्रत नव्या तबकडीवर आणि हार्ड डिस्कवर काढून घ्या.