कपाटातला रेकॉर्डर
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[चालत्या गाडीतून रस्ता. सकाळ.]

बेळगावहून वेंगुर्ला रोडला लागलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची. बाची मागं पडली की शिनोळी. तिथून चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. आपल्याला तिथवर जायचं नाही, अलीकडंच आत वळायचं आहे. सुगी सुरू आहे, भात कापणीला आलंय. नऊ वाजून गेले की गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात. बाकी सगळं गाव शिवारात.

[ओढून घेतलेली दारं. देवळासमोरचा कट्टा.]

गाव दिवसभर रिकामं, हद्द जवळ, आणि रस्ता दोन्ही राज्यांत निघणारा. कधी मोटारीची केबल जाते, कधी ट्रॅक्टरची बॅटरी, कधी एखादी दुचाकी. देवस्थान पंच कमिटीनं वर्गणी काढली आणि कॅमेरे बसवायचं ठरलं. सात नवे. आठवा दूध डेअरीच्या दारावर आधीपासूनच होता, त्यालाही यात जोडून घ्यायचं.

[केबलचा बॉक्स. ब्लेड. तार अगदी जवळून.]

कॅमेरे नंतर बघू. आधी ही केबल, कारण पैसा कामी येतो किंवा मातीत जातो तो इथंच.

305 मीटरचा बॉक्स, कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची आठ तारांची केबल. जोडणी करणारा पोरगा याच गावचा. आयटीआय झाला, काही वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला होता, आता तालुकाभर कॅमेऱ्यांची कामं घेतो. बॉक्स फोडल्यावर त्यानं पहिलं काय केलं बघा. टोक सोललं, आतली एक तार ब्लेडनं खरवडली. आत पांढरी चकाकी दिसली तर ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. बाजारात असला माल भरपूर आहे आणि स्वस्तही आहे. कॅमेऱ्याला लागणारा करंट याच तारांतून जाणार. ॲल्युमिनियममध्ये तो वाटेतच पडतो. दिवसा सगळं ठीक चालतं. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारे, लागले, कॅमेऱ्याला जास्त करंट लागला की चित्र बंद. मग लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

ही तार आतपर्यंत लाल आहे. पुढं जायला हरकत नाही.

[क्रिम्पिंग. आठ तारा, बोटं.]

आठ तारा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पोरगा हे पाढ्यासारखं पुटपुटत बोटांनी तारा सरळ करतो, एका रेषेत कापतो, कनेक्टरमध्ये सरकवतो, आणि दाबायच्या आधी कनेक्टर उजेडाकडं धरतो. आठही टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एक जरी मागं राहिली तरी कापून पुन्हा. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवला आहे. सोळा टोकं अशी दाबली गेली आणि प्रत्येक टोक टेस्टरवर लावून बघितलं. एक ते आठ दिवे ओळीनं लागले की मगच पोरगा शिडीवर चढतो.

या एकाच केबलमधून कॅमेऱ्याला करंटही जातो आणि चित्रही परत येतं. त्याला पीओई म्हणतात, पॉवर ओव्हर इथरनेट. 2003 साली त्याचं पहिलं प्रमाण ठरलं: स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबल जिथं जोडतात त्या पेटीच्या, एका पोर्टवर 15.4 वॅटपर्यंत. असल्या कॅमेऱ्याला रात्रीसुद्धा सहा-सात वॅट पुरतात. म्हणजे खांबाखांबावर लाईटची जोडणी मागायला नको, बोर्ड बसवायला नको, पावसात अडॅप्टर जळायला नको.

[पाईपमधून केबल ओढणं. दोघं टोकाला, एक मध्ये.]

मर्यादा एकच, शंभर मीटर. त्यापुढं तांब्याच्या केबलचा भरवसा नाही. देवळापासून वेस शंभराच्या आत बसते, डेअरी बसते, चावडीसुद्धा बसते. तळ्याकडचा रस्ता मात्र लांब आहे. तिथवर फायबर टाकला. दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर, पलीकडं छोटा स्विच, आणि त्याला लाईट शेजारच्या घरातून, घरमालकाला विचारून.

फायबरचा आणखी एक गुण या भागात मोलाचा आहे. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो विजा घेऊनच. तांब्याची केबल दोन इमारतींच्या मधून उघड्यावर गेली असेल तर जवळपास पडलेली वीज त्या वाटेनं आत शिरते, आणि स्विचपासून रेकॉर्डरपर्यंत एका झटक्यात सगळं जळतं. फायबर काचेचा. त्यातून उजेड जातो, करंट जात नाही.

[वेस. शिडी. खाली उभे पंच.]

कॅमेरा कुठं लावायचा यावर सगळ्यांचं मत असतं. पंचांचं म्हणणं, कमानीच्या टोकावर लावा, सगळं गाव दिसेल. पोरगा शिडीवरूनच म्हणतो, "तात्या, तिथनं टोपी दिसत्या, तोंड दिसत नाही." आणि मोबाईलवर दाखवतो. खरंच, वरून बघितल्यावर सगळ्या पांढऱ्या टोप्या सारख्याच.

यात हिशोब आहे. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायला चित्रात रुंदीच्या एका मीटरला साधारण 250 पिक्सेल लागतात. हा कॅमेरा चार मेगापिक्सेलचा, आडवे 2560 पिक्सेल. म्हणजे दहा मीटर रुंदीच्या चौकटीत चेहरा ओळखू येईल. त्याहून रुंद चौकट घेतली की कुणीतरी गेलं एवढंच कळेल. वेशीचा रस्ता सहा-सात मीटरांचा. म्हणून कॅमेरा खाली घेतला, दोन पुरुष उंचीच्या आत, आणि लेन्सचा रोख रस्त्यावर.

[तात्या कॅमेऱ्याखालून चालत येतात. मोबाईलवर तेच चित्र.]

"दिसूलालंय की!"

गाडीचा नंबर हे वेगळं प्रकरण. रात्री हेडलाईट आणि इन्फ्रारेड, दोन्ही मिळून नंबरप्लेट पांढरीफेक करतात. त्याला अरुंद लेन्सचा वेगळा कॅमेरा लागतो आणि शटर वेगवान ठेवावं लागतं. आठातला एकच तसा घेतला, फाट्याच्या बाजूला.

[डेअरी. जुना कॅमेरा.]

डेअरीवरचा कॅमेरा दुसऱ्याच कंपनीचा. जगात पहिला नेटवर्क कॅमेरा 1996 साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनं बाजारात आणला. पुढं प्रत्येक कंपनीनं आपापली भाषा काढली, आणि एकीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरला कळेना. 2008 मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ नावाचं सामाईक प्रमाण सुरू केलं. डेअरीचा कॅमेरा आज गावच्या रेकॉर्डरवर दिसतो तो त्याच्याच जोरावर. मेन्यूत ऑनव्हिफ निवडलं, कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड भरला, झालं. जुना कॅमेरा फेकून नवा घ्या असं सांगणारे भेटतील. आधी हे करून बघा.

[देवळाची खोली. कपाट. रेकॉर्डर उघडलेला.]

आणि ही खरी वस्तू. नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर, बोलायला एनव्हीआर. देवळाच्या मागच्या खोलीत, पत्र्याच्या कपाटात. खाली पालखीची वस्त्रं, वर हा. कपाटाच्या पाठीला जाळी कापली आहे, कारण बंद पत्र्यात डिस्क तापते.

वर्गणीच्या वेळी एक सूचना आली होती की डिस्क-बिस्क नको, सगळं क्लाउडवर ठेवा, महिन्याला पैसे भरले की काम भागतं. पण महिन्याचे पैसे चुकले की रेकॉर्डिंग गेलं. इंटरनेट गेलं की तेही गेलं, आणि सुगीत इंटरनेट नेमकं कधी जातं हे इथं कुणाला सांगायला नको. गावाचं चित्रण गावाच्या कपाटात, किल्ली गावाकडं. कमिटीनं ठरवलं ते योग्यच ठरवलं.

[हार्ड डिस्क बसवताना हात. स्क्रू.]

डिस्क किती मोठी घ्यायची? एच डॉट 265 पद्धतीनं चित्र दाबलं की असा एक कॅमेरा सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट लिहितो. दिवसाला 21.6 जीबी. आठही सारखेच धरले तर दिवसाला 173 जीबी. कर्नाटकात 2017 च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानं गर्दीच्या आस्थापनांना 30 दिवसांचं चित्रण जपायला लावलं आहे. कमिटीनंही तोच आकडा धरला. तीस दिवसांचे झाले 5.2 टीबी. म्हणून सहा टीबीची डिस्क, आणि तीही रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली. कॉम्प्युटरमधली काढून लावलेली नव्हे. रेकॉर्डर तिला साडेपाचच्या आतच मोजतो. घाबरायचं कारण नाही, मोजायची रीत वेगळी आहे. चौतीस दिवस भरले की सगळ्यात जुना दिवस पुसून त्यावर नवा लिहिला जातो.

हेस्कॉमची लाईट गेली तर? लाऊडस्पीकरसाठी घेतलेला इन्व्हर्टर देवळात होताच. रेकॉर्डर, स्विच आणि कॅमेरे मिळून दोन जुन्या बल्बांएवढीही वीज खात नाहीत.

[पडदा. घड्याळाची सेटिंग.]

आता एक बारीक गोष्ट. नवा रेकॉर्डर चालू केला आणि वेळ अडीच तास पुढं. कारखान्यानं चीनची वेळ लावून पाठवलेली. ती भारताच्या वेळेवर, सेटिंगमध्ये अधिक पाच तीसवर, आणली, आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील असं लावलं. नाहीतर महिन्याला थोडं थोडं सरकत जातं. चोरी रात्री दोनची आणि चित्रावर पहाटेचे साडेचार, असलं रेकॉर्डिंग पोलिसांपुढं ठेवून काय सांगणार?

[पासवर्ड टाकणारी बोटं. पडदा दाखवलेला नाही.]

पासवर्ड. 2016 साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरातले असलेच कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखांनी ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या उपकरणांच्या फौजेनं अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. कुणाच्या तरी दुकानातला, कुणाच्या तरी गोठ्यातला कॅमेरा त्या फौजेत होता, आणि मालकाला पत्ता नाही.

इथं मुख्य पासवर्ड पाकिटात, पाकिटावर लाख, आणि पाकीट देवस्थानच्या हिशोबवह्यांबरोबर. रोज बघणाऱ्या दोघांना वेगळी खाती: बघता येतं, पुसता येत नाही. राउटरवर बाहेरून थेट आत यायची वाट उघडलेली नाही.

[फलक रंगवणारा पेंटर.]

इथं कॅमेरे आहेत हे सांगणारा फलक. वर कन्नड, खाली मराठी. पेंटर बेळगावचा, दोन्हीकडं हात सारखाच.

[रात्र. काळंपांढरं चित्र. कोळी.]

पहिली रात्र. मोबाईलवर सूचनेमागून सूचना: वेशीवर हालचाल, वेशीवर हालचाल. दोघं-तिघं बॅटरी घेऊन धावले. हा बघा गुन्हेगार. इन्फ्रारेडच्या उजेडावर किडे येतात, किड्यांवर कोळी, आणि कोळ्यानं लेन्ससमोरच संसार मांडला. चित्रात त्याचा पाय माणसाएवढा. सूचनेची सेटिंग बदलून फक्त माणूस आणि वाहन ठेवलं. तरी महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं जाळं काढायचं, हे काम युवक मंडळाकडं दिलं आहे. दहा हजारांच्या सामानाला वीस रुपयांचा ब्रश सांभाळतो, पण तो ब्रश कुणी विकत आणत नाही, हा सगळीकडचा अनुभव.

[दिवस. गल्ली. बायका नळावर.]

एका कॅमेऱ्यात एका घराचं अंगण येत होतं. त्या आक्कांनी येऊन सांगितलं, तेवढा भाग चित्रावर काळ्या चौकोनानं झाकला. नळ चौकटीत राहिला आहे.

[पेन ड्राइव्ह. कागद.]

कधी चित्रण पोलिसांना द्यावं लागलं तर नुसता मोबाईलनं पडद्याचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲप केलेला चालत नाही. रेकॉर्डरमधूनच मूळ फाइल काढायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारी आकडे-अक्षरांची लांब ओळ, नोंदवावी लागते. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ती ओळ बदलते. प्रमाणपत्राचे दोन भाग: एक रेकॉर्डर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. कमिटीच्या सेक्रेटरींनी कोरे नमुने छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. हॅश काढायची रीत पोरग्यानं त्यांना लॅपटॉपवर दाखवून ठेवली.

आतापर्यंत एकदाच असं चित्रण काढून दिलं. गाडी ओळखू आली, पुढचं पोलीस बघतायत.

[तळ्याकडचा खांब. गुंडाळलेला फायबर.]

रेकॉर्डर सोळा कॅमेऱ्यांचा घेतला आहे, निम्मी जागा मोकळी. तळ्याकडच्या खांबावर फायबरची वीसेक मीटरची गुंडाळी बांधून ठेवली आहे, शाळेकडच्या बाजूला आणखी दोन कॅमेरे जोडायला. त्या दोन कॅमेऱ्यांची वर्गणी भात विकल्यावर काढायची ठरली आहे. यात्रेच्या आधी ते लागले पाहिजेत, कारण गाड्या लावायचं मैदान त्याच बाजूला आहे.