कोल्हापुरी चप्पल आणि शिमोनाचं घर

नमस्कार मंडळी, आणि इथे जमलेल्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांना सलाम.

'रोजच्या वस्तूंतून ख्रिस्ती माणूस काय शिकतो' यावर बोला, असं मंडळानं सांगितलं. मी कोल्हापूरचा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आमच्या गावात १८५२ साली आले, तिथल्या एका चर्चला आजही त्यांचं नाव आहे. पण आमच्या घरी पवित्र शास्त्र वाचलं जायचं ते स्वयंपाकघरात. आई भाकऱ्या थापत असायची आणि आम्हा भावंडांपैकी कोणीतरी मोठ्यानं वाचायचं. पीठ, दिवा, मीठ, जाळं, द्राक्षमळा... येशूचे दाखले ऐकताना आम्हाला कधी परकं वाटलं नाही.

त्या दाखल्यांत एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. लूकच्या शुभवर्तमानातली ती बाई घ्या. तिच्या दहा नाण्यांतलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडून काढते, सापडेपर्यंत शोधते, आणि सापडल्यावर शेजारणींना हाक मारते. नाणं कसं होतं, त्यावर काय छापलं होतं, याबद्दल येशू अवाक्षर काढत नाही. तो बोलतो ते केरसुणी धरलेल्या बाईबद्दल. एका पापी माणसाच्या परत येण्यानं स्वर्गात जो आनंद होतो, त्याच्या शेजारी तो या बाईचा आनंद ठेवतो. खमिराच्या दाखल्यातही पीठ मळणारी बाईच आहे. तीन मापं पीठ म्हणजे चांगलं गावजेवण होईल एवढं. तो स्वतः सुताराचं काम केलेला माणूस. वस्तू दिसली की ती घडवणारे, वापरणारे हात त्याला आधी दिसायचे.

आपण मात्र वस्तू दिसली की तिच्यावर बोध चिकटवतो. छत्री म्हणजे देवाचं संरक्षण, चार्जर म्हणजे प्रार्थना. असे संदेश मीही पुष्कळ ऐकलेत. त्यात वाईट काही नाही, पण वस्तू करणारा माणूस त्यात कुठेच नसतो आणि मला तो हवा असतो.

म्हणून आज आपल्या कोल्हापुरी चपलेबद्दल बोलतो. कातडं आधी चुन्यात घालून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमवायचं. पुष्कळदा कातड्याचीच पिशवी शिवतात, तिच्यात ते पाणी भरतात आणि टांगून ठेवतात. वास असा की गल्लीच्या तोंडाशी कळतं. मग रापीनं तळ कापायचे, एकावर एक बसवायचे, आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायचे. अस्सल चपलेत खिळा नसतो. सुभाषनगरात मी एका बाईंना पट्ट्यावरची वेणी घालताना पाहिलंय. चामड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या, आणि बोटांची चाल अशी की नजर ठरत नाही. नाक्यावरच्या दुकानात ती चप्पल झळकते तेव्हा त्या बाईंचं नाव तिच्यावर कुठेच नसतं.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही, तेव्हा आपले सगळे व्हॉट्सॲप ग्रुप पेटले होते. राग रास्तच होता. पण मंडळी, आपल्या कपाटात जी कोल्हापुरी आहे ती कोणी केली, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

पवित्र शास्त्रात याबद्दल एक जागा आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र यापो नावाच्या बंदरात बरेच दिवस मुक्कामाला राहतो, शिमोन नावाच्या माणसाच्या घरी. शिमोन कातडी कमावणारा. घर समुद्राकाठी. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मेलेल्या जनावराला शिवलं की माणूस संध्याकाळपर्यंत अशुद्ध, आणि शिमोनाचा तर तोच धंदा. अशा घराच्या गच्चीवर पेत्र दुपारी प्रार्थनेला जातो. त्याला भूक लागलेली असते. तिथे त्याला दृष्टान्त होतो. आकाशातून मोठी चादर उतरते, तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी, आणि वाणी होते की देवानं जे शुद्ध केलं त्याला तू निषिद्ध मानू नकोस. दृष्टान्ताचा अर्थ त्याला लगेच कळत नाही. पुढे कैसरियात कर्नेल्य नावाच्या, यहुदी नसलेल्या रोमी लष्करी अधिकाऱ्याच्या घरी पाऊल टाकल्यावर तो सांगतो, कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवानं मला दाखवलं. मला वाटतं, देवानं गच्ची मुद्दाम निवडली. खाली चामड्याचा वास, वर प्रार्थना. आणि हा तोच पेत्र, ज्यानं येशू त्याचे धुळीनं भरलेले पाय धुवायला बसला तेव्हा आधी नकार दिला होता.

कोल्हापूरच्या माणसाला हे वाचताना शाहू महाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९०२ साली त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे आपण शाळेत शिकलो. मला त्यांचा चहा जास्त जवळचा वाटतो. गंगाराम कांबळे हे संस्थानाच्या पागेतले नोकर. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना मदत करून चहाचं हॉटेल काढायला लावलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून भर रस्त्यात तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. महाराज ख्रिस्ती नव्हते आणि मी त्यांना आमच्या गोटात ओढत नाही. पण त्या कपात काय होतं ते पाहायला मला माझ्या श्रद्धेनं शिकवलं.

कारण योहानाच्या शुभवर्तमानात असंच घडतं. भर दुपारी, प्रवासानं दमलेला येशू विहिरीवर बसलेला. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. "मला प्यायला दे," तो म्हणतो. बाई चकित होते, कारण येशू यहुदी, आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, मग त्यांच्या भांड्यानं पाणी पिणं तर दूरच. तो उपदेशानं सुरुवात करत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. बोलता बोलता ती घागर तिथेच टाकून गावात पळते, लोकांना घेऊन येते, आणि ते त्याला राहायचा आग्रह करतात. तो दोन दिवस राहतो. शोमरोनी गावात दोन दिवस राहायचं म्हणजे त्यांच्याच ताटात जेवायचं, त्यांच्याच भांड्यानं पाणी प्यायचं.