वासाचा माग

(पहाट. मेलबर्नमधला एक निवांत रस्ता. मधोमध मॅनहोलचं लोखंडी झाकण.)

रात्री पाणी फारसं कुणी वापरत नाही. सांडपाणी वाहिनीत तासन्‌तास मुरत पडतं. सकाळी अंघोळी सुरू होतात, पंप चालू होतो आणि ते मुरलेलं पाणी पुढे ढकललं जातं. मग कोपऱ्यावरच्या घरातून फोन येतो: कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतोय.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचा एखादा भाग असला, तरी नाकाला कळतो. पण याच नाकावर विसंबणं जिवावर बेततं. दहा लाखांत शंभर भाग झाले की काही मिनिटांतच वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वायू निघून गेला. प्रत्यक्षात नाक बधिर झालेलं असतं. प्रमाण आणखी वाढलं तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. आपल्याकडे एका सफाई कामगाराला वाचवायला दुसरा मॅनहोलमध्ये उतरतो, त्याच्यामागे तिसरा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं खाली उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही अशा बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि त्या वाचताना संताप येतो.

म्हणून तपास नाकाने करायचा नसतो. झाकणाखाली एक छोटं यंत्र टांगून ठेवतात. ते काही आठवडे वायूचं प्रमाण नोंदवत राहतं. आलेखातली शिखरं पंपाच्या वेळांशी जुळली, की माग सापडतो: वास झाकणातून येत असला, तरी तो तयार होतो मागच्या बंद, दाबाच्या वाहिनीत. ती काठोकाठ भरलेली असते, आत हवा नसते. भिंतीवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू तिथे ऑक्सिजनऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर, म्हणजे गंधकाच्या क्षारांवर, जगतात आणि सल्फाइड सोडतात. पुढे पाणी उंचावरून आदळलं, खळाळलं, की वायू सुटा होतो.

(जुनी छायाचित्रं: मेलबर्नचे रस्ते, उघडी गटारं.)

1880 च्या दशकात हे शहर इतकं घाण मारत असे, की लोक त्याला 'स्मेलबर्न' म्हणत. 1891 मध्ये मलनिस्सारणासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं गेलं, 1897 मध्ये घरं वाहिन्यांना जोडायला सुरुवात झाली. मैला शहराबाहेर, वेरिबीच्या शेतीकडे जाऊ लागला.

रस्त्यावरची घाण गेली, पण जमिनीखाली वेगळंच काही चालू होतं. काँक्रीटच्या वाहिन्या झिजत होत्या, आणि झिजत होता तो वरचा भाग, म्हणजे छत. सांडपाणी ज्याला शिवतही नाही, तेच ढासळत होतं! 1945 मध्ये सी. डी. पार्कर यांनी याचा उलगडा केला. झिजलेल्या काँक्रीटमधून त्यांनी एक जिवाणू वेगळा काढला. वायू वर चढून ओलसर छताला लागतो आणि हा जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतो. त्या आम्लाने काँक्रीटचा भिजलेल्या खडूसारखा लगदा होतो. पार्कर यांनी जिवाणूला दिलेल्या नावाचा अर्थच 'काँक्रीट खाणारा'.

म्हणजे नाकाला त्रास देणारी ही दुर्गंधी वाहिनीच्या छताचाही घास घेत असते.

उपाय बरेच आहेत. लोहाचे क्षार घातले की सल्फाइड काळ्या गाळात बांधलं जातं. नायट्रेट दिलं की जिवाणूंना सल्फेटची गरज उरत नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने पाणी अल्कधर्मी केलं की वायू पाण्यातच राहतो. झाकणापाशी कोळशाची गाळणी बसवता येते. तिने शेजाऱ्यांची सुटका होते, पण छताची नाही. ही रसायनं वर्षानुवर्षं ओतत राहावी लागतात.

पण मुळात हे सल्फेट येतं कुठून?

(जलशुद्धीकरण केंद्र. पांढऱ्या रसायनाच्या टाक्या.)

ऑस्ट्रेलियाच्याच आग्नेय क्वीन्सलँडमध्ये संशोधकांनी दोन वर्षं सांडपाण्याचे नमुने घेतले. 2014 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचं उत्तर आलं: सांडपाण्यातल्या सल्फेटपैकी सरासरी 52 टक्के येतं पिण्याचं पाणी स्वच्छ करताना घातलेल्या अॅल्युमिनियम सल्फेटमधून. आपल्या ओळखीची तुरटी त्याच कुळातली. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तिचा खडा फिरवला, की गाळ खाली बसतो. जलशुद्धीकरण केंद्रातही हेच काम होतं, फक्त टनांच्या हिशेबात. गाळ बसतो, पण सल्फेट पाण्यातच राहतं. नळातून घरात, घरातून मोरीत आणि तिथून अंधाऱ्या वाहिनीत.

सल्फेट नसलेलं रसायन वापरूनही पाणी निवळता येतं. पण त्याचा वाढीव खर्च पडणार पाणीपुरवठ्याच्या खात्यावर आणि वाचणार मलनिस्सारणाच्या वाहिन्या. बहुतेक शहरांत हे दोन हिशेब वेगळ्या टेबलांवर मांडलेले असतात.

(पुन्हा तोच रस्ता. कामगार झाकण उचलतो. वायुमापक यंत्र दोरीने हळूहळू खाली सोडलं जातं. तो वरच थांबतो, आकडा वाचायला.)