सूं-सूं कुठून येते?

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या देवास नाक्यावर तीस वर्षं मी ट्रकचे ब्रेक केले, तेव्हा आज बोलणार ब्रेकमधल्या हवेबद्दल. ज्यांच्या घरी कुकर आहे त्यांना हे कळेल. गॅस्केट कडक झालं की बाजूने फुसफुस होते, शिट्टी येत नाही, डाळ कच्ची. ट्रकचंही तेच. कंप्रेसर टाक्यांत हवा भरतो आणि दाबाचा काटा ८ बारच्या आसपास गेला की फुस्स होऊन भरणं थांबतं. जुने उस्ताद पौंडात बोलतात, त्यांचे ११५-११६.

पायडल दाबलं की ही हवा चाकापाशी जाते, ब्रेक लागतो. हातब्रेकचं मात्र उलटं. मागच्या चाकापाशी ब्रेक ओढणारा हवेचा डबा असतो, तो बूस्टर. त्यात एक दांडगी स्प्रिंग असते. हवेने ती दाबून धरली, तर चाक मोकळं. हवा गेली की स्प्रिंग सुटते, चाक जाम. परत सांगतो, पायाचा ब्रेक हवेने लागतो, हातब्रेक हवेने सुटतो.

एकदा सोयाबीनची ढेप भरलेला ट्रक संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला. मुंबईला निघालेला. म्हणजे मानपूर सोडलं की पुढे गणपती घाटाचा उतार, आणि तो उतार किती घातकी हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको. ड्रायव्हर म्हणाला, "भिया, चलती में हवा उतरती है, खड़ी में टिकती है." मी हसलो. उभ्या गाडीत टिकते तर गळती कसली?

हातब्रेक सोडून गाडीखाली शिरलो, तर फूट व्हॉल्वच्या, म्हणजे पायडलने उघडणाऱ्या व्हॉल्वच्या, खालच्या तोंडातून सूं-सूं. बोट लावलं, गार वारा लागला. म्हटलं, व्हॉल्वची आतली सीट गेली. नवा व्हॉल्व बसवला. सूं-सूं तशीच. वाटलं, माल नकली निघाला. (डबा अस्सल, आत भलतंच, हा आपल्या बाजाराचा जुना रोग आहे. लोक साडी घेताना तास घालवतात आणि ब्रेकचा पार्ट न बघता उचलतात.) दुसरा आणला. तरी सूं-सूं.

रात्रीचे अकरा वाजले. क्लीनर, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा, कंटाळून केबिनमध्ये हातब्रेकच्या दांडीशी खेळत बसलेला. खटक, खटक. मी खालून त्याला शिवी हासडणार, तेवढ्यात कान टवकारले. दांडी ओढली की सूं-सूं बंद. सोडली की चालू. शिवी गिळली. म्हटलं, "फिर से कर." त्याने केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

पावसात छत गळतं कोपऱ्यात आणि थेंब पडतो पंख्याच्या दांडीवरून, तसं होतं ते. बूस्टरमध्ये दोन खोल्या, एक पायाच्या ब्रेकची, एक हातब्रेकची. मधल्या भिंतीचा सील झिजला होता. हातब्रेक सोडला की तिकडची हवा इकडे घुसायची आणि पायाच्या पाइपातून उलटी येऊन फूट व्हॉल्वच्या तोंडातून बाहेर पडायची. व्हॉल्व बिचारा निर्दोष! मागच्या दोन्ही बूस्टरचे पायाच्या ब्रेकचे पाइप एकेक करून सोडले, डाव्यातून वारा आला. बूस्टर बदलला, काटा जागचा हलेना. उभ्या गाडीत हातब्रेक लावलेला, चालत्या गाडीत सोडलेला; ड्रायव्हर पहिल्याच वाक्यात सगळं सांगून बसला होता. दोन व्हॉल्वचे पैसे मी घेतले नाहीत. एकाचे घेतले, खोटं कशाला बोलू.

तेव्हा, इंजिन बंद करा, चाकांना ठोकळे लावा आणि कान द्या. हातब्रेक लावलेला, पाय वर, तरी काटा उतरतो? टाक्या, त्यांचे ड्रेन आणि तिथले पाइप बघा. हातब्रेक सोडल्यावरच उतरतो? हातब्रेकची लाइन, नाहीतर आमच्यासारखा सील. पायडल दाबल्यावरच? बूस्टरमधला रबरी पडदा, डायफ्राम. अमेरिकेत ड्रायव्हरच्या परीक्षेत पायडल दाबून एक मिनिट धरायला लावतात, आणि सुट्या ट्रकचा काटा त्यात ३ पौंडांहून जास्त पडला तर नापास. मग भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने जोडांवर लावा, बुडबुडा जागा दाखवतो. आधी कान, मग साबण, पाना सगळ्यात शेवटी.

आणि तो प्रेशर हॉर्न! तोही याच हवेवर वाजतो. राजवाड्याजवळ रात्री दोनला कुणाला उठवायचं असतं, मला कळलेलं नाही.

एक मात्र ऐका. स्प्रिंगवाल्या बूस्टरची, दोन भाग आवळून धरणारी पट्टी कुणीही खोलू नये, मेकॅनिकनेसुद्धा नाही. पूर्ण बूस्टर बदला. आमच्या शेजारच्या गॅरेजात एकाने खोलली होती. तो वाचला, वाकून बसला होता म्हणून. स्प्रिंग सुटून छताच्या पत्र्याला ताटलीएवढं भोक पडलं, आणि पावसाळ्यात त्याखाली ते अजून बादली ठेवतात.