मोहोर बघून बाग घेऊ नका

श्रोतेहो, नमस्कार. निवृत्तीच्या पैशांतून कोकणात हापूसची बाग घ्यावी, असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्याशी आज बोलायचंय.

आम्ही देवगड तालुक्यात अशीच एक बाग बघायला गेलो होतो, जानेवारीत. कलमं मोहोरानं भरलेली. गाडीतून उतरताच बायको म्हणाली, "इथंच राहायचं." मालकानं ८० कलमं सांगितली. विसाराचं पाकीट माझ्या खिशात होतं. शेजारचे एक आजोबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर बसले होते. ते म्हणाले, "मोहोर काय बघतास? मे म्हयन्यात येवा, बावीचो तळ बघा."

पाकीट तसंच परत आणलं. मे महिन्यात पुन्हा गेलो. विहिरीत पोहरा सोडला. दोर संपत आला आणि खालून 'ठक्' असा आवाज आला. वर आला तो तांबडा चिखल. मग आजोबांनी आम्हाला बागेच्या वरच्या अंगाला नेलं. "हयसून वरची बारा कलमां माझ्या चुलत्याची." जमीन एकाची, झाडं दुसऱ्याची! सातबारा आमच्याकडे होता, पण नाव आणि क्षेत्र वाचून आम्ही घडी घातली होती. इतर हक्कांच्या रकान्यात ती १२ झाडं सरळ नोंदलेली होती.

म्हणून सांगतो, इतर हक्क वाचा. परत सांगतो, सातबाऱ्यावरचे इतर हक्क वाचा. सातबारा सामाईक असेल, तर मुंबईतल्या हिस्सेदारांच्याही सह्या हव्यात. तुम्ही स्वतः शेतकरी नसाल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आधी परवानगी लागते. हापूस एका वर्षाआड धरतो, तेव्हा एका वर्षाच्या पेट्यांवर जाऊ नका, निदान तीन वर्षांचा हिशोब मागा. कल्टार, म्हणजे मोहोर आणणारं औषध, किती वर्षं घातलंय, हेही विचारा. आणि विहीर मे महिन्यातच बघा.

ती बाग आम्ही सोडली. निघताना आजोबांनी पेंढ्यातले सहा आंबे हातात ठेवले, पैसे घेतले नाहीत. पुढच्या मे महिन्यात त्यांनीच दुसरी बाग दाखवली, ४० कलमांची, साधीच. पोहरा सोडला, आणि खालून 'डुबुक्' असा आवाज आला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. विसार तिनंच दिला.