चहाच्या कपात बुडालेला ब्रश

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात भर दुपारी परभणीत कुणाला घरी बोलवायचं म्हणजे धाडसच. तरी गेल्या उन्हाळ्यात मी बारा माणसं बोलावली. बारसं नव्हतं की डोहाळजेवण नव्हतं. निरोप एवढाच दिला, "या, चित्रं काढू." शहरात याला पेंटिंग पार्टी म्हणतात. माझी जाऊ म्हणाली, "वैनी, ऊन लागलं का तुम्हाला?"

बैठकीत सतरंजीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. कूलर लावला तर कागद उडायचे, बंद केला तर माणसं उठायची. शेवटी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कागद पुठ्ठ्यांना अडकवले. मी हौसेनं ॲक्रेलिक रंग आणले होते, ती चूकच झाली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्यांचा ताटलीतच पापुद्रा धरतो, आणि कापडावर वाळले की निघता निघत नाहीत. जावेच्या पदरावरचा हिरवा ठिपका अजून तसाच आहे. प्रत्येक लग्नात ती मला तो दाखवते. घरच्या बैठकीला आपले पोस्टर कलरच बरे, धुतले की बहुतेक निघतात.

पाण्याचंही बघावं लागतं. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, त्यामुळं दर रंगाला नवं पाणी कुठून आणणार? ब्रश आधी चिंधीला पुसायचा, मग पहिल्या बरणीत खळबळायचा, मग दुसरीत. दोन बरण्यांत बारा माणसांचं भागलं. फक्त चहाचे कप जवळ ठेवू नका. भाऊजींनी ब्रश चहात बुडवला आणि वर तोच चहा पिऊनही टाकला!

पोरांनी पंधरा मिनिटांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी काढून मोकळं केलं. मोठी माणसं मात्र कोऱ्या कागदाकडं बँकेच्या फॉर्मसारखी बघत बसली. "मला कुठं येतंय चित्र काढता?" हे वाक्य मी त्या दिवशी सहा वेळा ऐकलं.

आदल्या रात्री मी बाभळीचा डिंक भिजत घातला होता. त्या पाण्यात गेरू कालवला आणि वाटी आत्याबाईंसमोर ठेवली. त्यांनी वाटीचा वास घेतला. "हा तर तुळशीला द्यायचा गेरू," म्हणाल्या. मग ब्रश बाजूला सारला, अनामिका वाटीत बुडवली आणि कागदावर पाळणा काढला. पाळण्यात गौर, बाजूला कासव, गोपद्मं, वर चंद्र-सूर्य. चैत्रांगण! इतकी वर्षं दर चैत्रात अंगणात काढलेलं, म्हणून बोट कुठं अडखळलं नाही. ते बघून जाऊ सरसावली आणि तिनं पैठणीच्या पदरावरचा मोर काढायला घेतला. मोर जरा कोंबड्यासारखा झाला, पण कुणी बोललं नाही. त्यानंतर "येत नाही" हे वाक्य बंद झालं. माणसाच्या हाताला जे आधीपासून येतं ते त्याच्यापुढं ठेवावं, एवढंच मला यजमानीण म्हणून कळलं.

पोरांसाठी मी हळद भिजवली होती. तिच्यात पानाचा चुना चिमूटभर टाकला आणि पिवळ्याचं लालभडक झालं. पोरं ओरडलीच. कुंकू असंच करतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. पण हळदीचा पिवळा उजेडात टिकत नाही. खिडकीतलं पोरांचं सूर्यफूल दिवाळीपर्यंत फिकं पडलं, आत्याबाईंचा गेरू मात्र जसाच्या तसा. अजिंठ्याच्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक असणार. त्यांनी वाळलेल्या गिलाव्यावर लाल-पिवळ्या माती, काजळी, चुना वापरला, आणि निळ्यासाठी लाजवर्द, तो थेट अफगाणिस्तानकडचा दगड. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ धरलेला बोधिसत्त्व, पंधराशे वर्षांनंतरही ओळखू येतो तो या मातीच्या रंगांमुळं.

खायला सुशीला केला होता, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा फोडणीचा प्रकार. तेलकट भजी नकोत, कागदावर डाग पडतात आणि त्या डागावर रंग बसत नाही. सुशीला चमच्यानं खाता येतो.

चैत्रांगणाचा कागद आता देवघराशेजारी लावलाय. परवा आत्याबाईंनी विचारलं, "पुन्हा कधी बोलावतीस सगळ्यांना?" मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत.

"थंडीत नको," म्हणाल्या, "गेरू लवकर वाळत नाही."