पळीभर तेल

(दृश्य: चाळीसगावजवळचं पाटणादेवी. सातमाळ्याचे कडे, ढग खाली उतरलेले, डोंगरी नदीचा आवाज.)

या डोंगराखालच्या एका शिलालेखात तेलाचा हिशेब कोरलाय. शके 1128 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं इथं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. वर संस्कृत श्लोक आहेत. पण देण्याघेण्याची कलमं आली की भाषा मराठी होते. होणारच, तेल तेल्यानं द्यायचं होतं! इथं जो माल विकेल त्यावरचा राजाचा हक्क मठाला, आणि जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल मठाला.

घाणे गेले. पळी कुणी भरायची, म्हणजे देवळाचा खर्च कुणी उचलायचा, हे मात्र आजही ठरवावं लागतं.

(दृश्य: साक्री तालुक्यातलं बळसाणे. कोरीव खांब, शेजारी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी.)

राजानं कर वळवायचे दिवस संपले. एका धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर कुणाकडूनही सक्तीनं घेता येणार नाही, असं संविधानाचं 27 वं कलम सांगतं. 26 वं कलम आपापल्या धर्माचा कारभार आपण बघायचा हक्क देतं. मग बळसाण्याच्या या देवळांवर सरकार खर्च करतं ते कसं? जुनी वास्तू म्हणून. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा दगडाचं वय बघतो, देव कोणता ते बघत नाही. तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, त्यांना हाच कायदा. भोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरवर परवानगी लागते. गावकरी यावर वैतागतात, आणि त्यात अगदीच चूक नाही. भाविकांच्या सावलीला साधे पत्रे टाकायचे तरी कागद फिरवावे लागतात.

पण पाटी नसते तिथं काय होतं तेही बघा.

(दृश्य: हेमाडपंती गाभाऱ्याची भिंत, अगदी जवळून. ऑइलपेंटचे पोपडे.)

ही पोपटी, तिच्याखाली पिवळी, त्याखाली चुना. हे चिरे मुळात सांध्यात चुना न भरता एकात एक बसवलेले. सांधे सिमेंटनं भरले, वर ऑइलपेंट मारला की आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दगडाची खपली निघते. हे कुणी शत्रूनं केलेलं नाही. वर्गणी काढून, नारळ फोडून, आपणच केलंय.

पाटी नसलेल्या बाकीच्या देवळांचं रक्षण कागदपत्रांच्या जोरावर होतं. दक्षिणेतला ‘सरकारच्या ताब्यातली देवळं’ हा वाद इथं जसाच्या तसा लागू पडत नाही. पंढरपूर, शिर्डी, सिद्धिविनायक यांना वेगळे कायदे आहेत, पण गावोगावची देवळं विश्वस्तांच्याच हाती असतात. 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदणी होते, तिथंच जैनांचं देरासर, चर्च, पारशांच्या अग्यारीचीही. वक्फचा कायदा निराळा. विश्वस्त वारला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी खबर, द्यायचा असतो. तो राहून जातो. मग दुसरा जातो, तिसरा जातो, आणि एक दिवस देवाच्या वतीनं सही करायला कायद्यानं कुणीच उरत नाही. देवस्थानची इनाम जमीन, महसुली भाषेत वर्ग 3 ची, नेमकी अशा वेळी दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून मूर्तीला चांदीचा मुकुट करण्याआधी सातबारा काढावा, असं माझं मत आहे. सातबाऱ्यावर देवाचं नाव कुठल्या रकान्यात आहे, तेवढं तरी बघावं.

(दृश्य: गावातला मारुती. संध्याकाळ. खिळ्याला दोरीनं टांगलेली वही.)

आमच्या मारुतीची ही वही. पानाच्या कडा तेलकट. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला काय दिलं ते. कुणी पाव किलो तेल, कुणी वाती, कुणी नुसतंच ‘झाडलोट’. पारावरून आवाज येतो, “तेल सरनं रे भो!” पोरगा बाटली घेऊन येतो, समईत ओततो, हात चड्डीला पुसतो आणि वही उघडतो.